मोजणीदाराचं काय झालं?

आजच्या या समारंभाचे अध्यक्ष आणि आमच्या शिक्षण संस्थेचे आधारस्तंभ आदरणीय हणमंतराव केंद्रे साहेब. लातूरहून उन्हातान्हाचा प्रवास करून आलेले प्रमुख पाहुणे, साप्ताहिकाचे संपादक सिद्धेश्वर स्वामी साहेब. मुख्याध्यापक किशनराव सर. ज्यांना निरोप द्यायला आपण जमलो आहोत ते माझे गुरू गुरुपादप्पा बिराजदार सर आणि त्यांच्या शेजारी बसलेल्या लक्ष्मीबाई काकू. सहकारी शिक्षकहो, अहमदपूरकर नागरिकहो, आणि मागे पत्र्याच्या सावलीत, टँकर यायला अवकाश आहे म्हणून घागरी बाजूला ठेवून बसलेल्या माझ्या आया-बहिणींनो, आपणा सर्वांना नमस्कार आणि जय भीम.

अध्यक्षांनी मला बोलायची परवानगी दिली, त्याबद्दल त्यांचे आभार. माझ्याआधी बोललेल्या मान्यवरांनी सरांची शिस्त सांगितली, वक्तशीरपणा सांगितला, सायकल सांगितली. मे महिन्यात खांद्यावर शाल घेऊन सर ते सगळं निमूटपणे ऐकत आहेत. ते मी पुन्हा सांगणार नाही. मी सरांच्या कादंबरीबद्दल बोलणार आहे. कारण गेले दोन महिने माझ्या जिवाला एक घोर लागला होता. सरांची शेवटची कादंबरी अर्धवट राहिली आणि तिचा शेवट मला लिहावा लागला. मी ती पूर्ण केली की तिचं वाटोळं केलं, हे आज सकाळपर्यंत मला माहीत नव्हतं. आज सकाळी सरांनी सांगितलं. काय सांगितलं ते शेवटी सांगते. उत्तर आधी सांगू नये, हे त्यांनीच शिकवलंय.

माझी ओळख करून द्यायला हवी. मी पंचशीला सूर्यवंशी. वडील नरसिंग सूर्यवंशी मार्केट यार्डात हमाली करतात, आई भामाबाई रोजगार हमीच्या कामावर जाते. मी याच शाळेत शिकले आणि नांदेडला वसतिगृहात राहून मराठी विषयात बी.ए. झाले. आमच्या घरातली ही पहिली पदवी. वडिलांनी तो कागद हातात घेऊन उलटसुलट पाहिला आणि म्हणाले, "एवढ्या कागदासाठी एवढी वर्षं?" मग दिवसभर यार्डात भेटेल त्याला तेच सांगत फिरले. गेल्या वर्षापासून मी या शाळेत तात्पुरत्या जागेवर, सरांच्या हाताखाली, मराठी शिकवते.

आता कादंबरी. लातूर जिल्हा झाला त्याला अजून पाच वर्षंही पूर्ण झालेली नाहीत. आपल्यापैकी कित्येकांचे पाय अजून सवयीनं उस्मानाबादच्या गाडीकडे वळतात. जिल्हा आला, कचेऱ्या आल्या, छापखाने आले आणि स्वामी साहेबांचं साप्ताहिक आलं. पाऊस काही आला नाही. पण साप्ताहिक दर गुरुवारी न चुकता एस.टी.नं आलं, आणि गेल्या वर्षी त्यात सरांची कादंबरी सुरू झाली. 'वेशीबाहेरची मोजणी'.

ज्यांनी वाचली नसेल त्यांच्यासाठी थोडक्यात सांगते. नव्या जिल्ह्याची एक कचेरी एका गावात व्हायची असते. जमीन मोजायला मोजणीदार येतो. तो गोदाबाईच्या खानावळीत जेवतो, चावडीत झोपतो. एके सकाळी तो दिसत नाही. त्याची चप्पल चावडीच्या पायरीवर आहे, मोजणीची साखळी खुंटीला आहे, आणि माणूस नाही. गावात सरपंच आहे, त्याचा मेहुणा आहे, सधन शेतकरी नागप्पा आहे. मोजणीदाराचं काय झालं? पहिल्या भागाच्या शेवटी हा प्रश्न आला आणि अहमदपूरची झोप उडाली.

हे मी अतिशयोक्तीनं म्हणत नाही. आमच्या भागात टँकर यायचा तो वेशीजवळच्या चौकात. एरवी वेशीआतल्या केवळाबाईंचा आड वेगळा, आमच्या वस्तीचा वेगळा. दोन्ही आड आटले तेव्हा ओळ एक झाली. त्या ओळीत माझ्या आईच्या मागे केवळाबाई, त्यांच्या मागे सरजाबाई. गुरुवारी मी ओळीत उभी राहून साप्ताहिक वाचत होते, तर केवळाबाई म्हणाल्या, "मनातल्या मनात काय वाचायलीस? आम्ही काय भिताडं हाव का? मोठ्यानं वाच की." मी मोठ्यानं वाचलं. त्या दिवसापासून गुरुवारी टँकर उशिरा आला तरी कुणी ड्रायव्हरला शिव्या दिल्या नाहीत. एकदा तर तो वेळेवर आला म्हणून दिल्या.

तिसऱ्या भागात एक वाक्य होतं. 'दिवस मावळताना नागप्पाने अंगणात दोन बादल्या पाणी ओतले आणि बाज टाकून तो पाहुण्याची वाट पाहत बसला.' मी ते वाचून पुढे गेले. ओळ पुढे गेली नाही.

"थांब थांब," केवळाबाई म्हणाल्या. "किती बादल्या?"

"दोन."

"सापडला. ह्यानंच केलं."

आई म्हणाली, "अवं, अंगणात धूळ बसावी म्हणून मारलं असंल पाणी."

"धुळीसाठी दोन बादल्या? तुमच्या घरी कलेक्टर आला तर तांब्याभर तरी माराल का, भामाबाई?"

"मी तर कलेक्टरलाच म्हणंन, येताना घेऊन या."

सरजाबाई सहसा बोलत नाहीत. त्या म्हणाल्या, "रगत धुतलं त्यानं. दुसरं काय."

झालं. त्या दिवसापासून नागप्पा खुनी ठरला. ही बातमी ओळीतून बाजारात गेली, बाजारातून यार्डात गेली. मी घाबरत घाबरत सरांना सांगितलं. सर आधी हसले, मग त्यांनी कपाळाला हात लावला. म्हणाले, "अगं, मी शिरूर अनंतपाळचा. आमच्या घरी उन्हाळ्यात पाहुणा यायचा म्हटलं की वडील संध्याकाळी अंगण ओलं करायचे. मातीचा वास यायचा. हात आपोआप लिहून गेला. मला काय माहीत की ह्या साली त्या दोन बादल्यांचा गुन्हा होईल?"

सरांनी नागप्पाला सोडवायचा प्रयत्न केला. सातव्या भागात त्यांनी लिहिलं की मोजणीदार दिसेनासा झाला त्या दिवशी नागप्पा उदगीरला बहिणीकडे होता. मी ते वाचलं. केवळाबाईंनी मान डोलावली. "उदगीरला गेला म्हणून सांगायलाय. गेला कशावरून?" पुढच्या भागात सरांनी नागप्पाला गरिबाच्या बैलासाठी वैरण द्यायला लावली. ओळीचा निकाल असा आला की, "लई सज्जन दाखवायलेत, म्हंजी त्योच." सरांनी हात टेकले.

हसण्यावारी नेऊ नका, मंडळी. मी बी.ए.ला कादंबरीवर प्रश्नोत्तरं पाठ केली होती. रहस्य म्हणजे काय, उत्कंठा म्हणजे काय, प्रत्येकाची व्याख्या. पण वाचणारा आपल्या घागरीतून वाचतो, हे मला त्या ओळीनं शिकवलं. भरल्या गोदावरीच्या काठी नांदेडला हेच वाक्य वाचलं असतं तर कुणी त्याच्याकडे ढुंकूनही पाहिलं नसतं.

आणि लिहिणारा कसा लिहितो, हे सरांनी शिकवलं. मी दहावीत असताना त्यांनी आम्हांला एक गूढ प्रसंग लिहायला सांगितला होता. मी मन लावून लिहिलं. अमावस्येची रात्र घातली, कुत्र्याचं रडणं घातलं, 'भयाण' हा शब्द तीनदा आणि 'गूढ' हा शब्द मोजता येणार नाही इतक्या वेळा घातला. सरांनी ते सगळे शब्द खोडले. खाली उरलं काय, तर 'दार बंद होते' एवढंच. मला रडू आलं. सरांनी जवळ बोलावलं.

"गूढ हा शब्द लिहिला की गूढ संपलं," ते म्हणाले. "भाजीवालीनं 'ताजी आहे, ताजी आहे' म्हणून ओरडलं की आपण देठ मोडून बघतो ना? तसं आहे ते. आता हे उरलेलं वाक्य बघ. दार बंद होतं. बरं. बंद होतं, असेल. आता लिही, 'दार लावलेलं होतं'. काय झालं?"

मी म्हणाले, "कुणीतरी लावलं, सर."

"आता लिही, 'दार ओढून घेतलेलं होतं'."

मी म्हणाले, "लावणारा घाईत होता. कडी घालायला थांबला नाही."

"मग अमावस्या कशाला पाहिजे?"

त्या दिवशी मला पहिल्यांदा कळलं की एका क्रियापदात माणूस लपून बसू शकतो. सर म्हणायचे, खूण अंधारात लपवू नये, वाचक अंधारातच कंदील घेऊन शोधतो. ती भर उजेडात, चार साध्या गोष्टींच्या मध्ये ठेवावी. माणूस बाजारातून चहापत्ती, काडेपेटी, हातभर दोरी आणि गूळ घेऊन आला, असं लिहावं. वाचक गुळापर्यंत जातो, दोरी विसरतो. दोरी शेवटी ठेवली तर ती वाजते. आणि सगळ्यात मोठी खूण, सर म्हणायचे, लिहिलेल्या शब्दात नसतेच. जो शब्द यायला हवा होता आणि आला नाही, त्यात ती असते. तेव्हा मी ते वहीत उतरवून घेतलं. समजलं मात्र यंदा.

फेब्रुवारीत सरांना अर्धांगाचा झटका आला. अकरा भाग छापून झाले होते, शेवटचा एक राहिला होता. लक्ष्मीबाई काकूंनी रात्रंदिवस सेवा केली, बोलणं लवकर परत आलं, सर चालायलाही लागले. उजवा हात मात्र परत आला नाही. ज्या हातानं आपल्या तीन पिढ्यांच्या वह्या तपासल्या, तो हात आता मांडीवर ठेवावा लागतो. दोन गुरुवार साप्ताहिकात कादंबरीच्या जागी बियाण्याची जाहिरात आली. स्वामी साहेबांना वाचकांची इतकी कार्डं आली की त्यांनी स्वतः अहमदपूर गाठलं. साहेब समोर आहेत म्हणून सांगते, ते सरांच्या प्रकृतीची चौकशी करायला आले होते, पण त्यांची नजर सारखी टेबलाकडे जात होती.

सर म्हणाले, "पंचशीला लिहील."

मी म्हणाले, "हो सर. तुम्ही सांगा, मी उतरवून घेते."

"मी सांगणार नाही."

"मग नुसतं नाव तरी सांगा. कुणी केलं ते."

"नाव तर अजिबात सांगणार नाही. सांगितलं तर तू नुसती लिहिशील. नाही सांगितलं तर आधी वाचशील."

स्वामी साहेब कासावीस झाले. म्हणाले, "सर, निदान छापायच्या आधी एकदा ऐकून घ्या." तर सर म्हणाले, "वाचकाला आधी दाखवतात का? मी गुरुवारी ऐकेन, सगळ्यांसारखा."

मंडळी, तुम्ही कल्पना करा. बावीस वर्षांची मुलगी. आयुष्यात एकही गोष्ट छापून आलेली नाही. आणि हातात माझ्या गुरूची शेवटची कादंबरी. मी चुकीचा माणूस पकडला तर सरांचे अकरा भाग फुकट जाणार होते. लोक काय म्हणतील याची भीती होतीच, पण त्याहून मोठी भीती अशी की सर काहीच म्हणणार नाहीत. ते रागावत नाहीत. ते नुसते "बरं" म्हणतात. ते "बरं" मी पूर्वी ऐकलेलं आहे.

ओळीत मी सल्ला मागितला, ही माझी चूक. केवळाबाई म्हणाल्या, "त्यात इचार काय करायचा? नागप्पाला बेड्या घाल अन् मोकळी हो." आई म्हणाली, "सरपंचाच्या मेहुण्याला धर. मेहुणे असेच असतात." माझे मामा तिथंच उभे होते.

मी सगळे भाग पुन्हा वाचायला घेतले. पहिल्यांदा वाचलं तेव्हा काय होतं ते शोधलं. दुसऱ्यांदा वाचलं तेव्हा काय नव्हतं ते शोधलं. आणि दुसऱ्या वाचनात ते सापडलं.

त्या अकरा भागांत गावातली माणसं 'खून' म्हणतात. सरपंच म्हणतो, न्हावी म्हणतो, शाळकरी पोरं म्हणतात. पण लेखक म्हणून सरांनी तो शब्द स्वतःच्या वाक्यात एकदाही वापरलेला नाही. ते लिहितात, 'मोजणीदार दिसला नाही'. 'मोजणीदार परत आला नाही'. 'मोजणीदाराची जागा रिकामी होती'. कुठेही 'मेला' नाही, 'मारला' नाही, 'कैलासवासी' नाही. खून आपण केला, मंडळी. ओळीत उभं राहून, यार्डात पोत्यावर बसून, आपण सगळ्यांनी त्या माणसाला मारलं. लेखकानं नाही.

मग तो होता कुठे? मी आणखी एक गोष्ट पाहिली. गावातला प्रत्येक माणूस कधी ना कधी विचारतो, मोजणीदार कुठे गेला? प्रत्येकाची तऱ्हा वेगळी. सरपंच काळजीनं विचारतो, मेहुणा हसत विचारतो, नागप्पा उदगीरहून आल्या आल्या विचारतो. एकच माणूस विचारत नाही. खानावळवाली गोदाबाई. जिच्या हातचं तो दोन वेळा जेवत होता, तीच विचारत नाही. ती भाकरी थापते, चूल सारवते, लोकांचं ऐकून घेते. तुमचा रोजचा जेवणारा माणूस अचानक आला नाही तर तुम्ही विचाराल की नाही? मग ही का विचारत नाही? जिला माहीत आहे ती कशाला विचारेल?

त्यावर मी शेवट लिहिला. मोजणीदारावर दबाव होता की गावच्या सार्वजनिक विहिरीची जागा सरपंचाच्या हद्दीत दाखव. तो ऐकेना. त्याला संपवायचं ठरलं, हे गोदाबाईच्या कानावर गेलं, आणि तिनं त्याला लपवलं. कुठे? तिच्या घराच्या भिंतीतल्या बळदात. आपल्याकडच्या नव्या पोरांना बळद ठाऊक नसेल. जाड भिंतीच्या पोटात धान्य साठवायची ती पोकळी. सुकाळ असता तर ते ज्वारीनं गच्च भरलेलं असतं. दुष्काळानं ते रिकामं होतं, म्हणून त्यात माणूस मावला. शेवटच्या प्रसंगात तो भर दिवसा बाहेर येतो, पायरीवरची चप्पल घालतो आणि विहीर कुणाची ते सांगायला जिल्ह्याच्या गाडीत बसतो. गोदाबाई त्याला भाकरी बांधून देते. एवढंच.

गुरुवारी ते छापून आलं. खाली लिहिलं होतं, शेवटचा भाग पंचशीला सूर्यवंशी. मी ओळीत उभी राहून वाचलं. वाचून संपलं. मग सरजाबाई म्हणाल्या, "जित्ता हाय म्हण. बरं झालं बाई." केवळाबाईंनी पदरानं तोंड पुसलं. म्हणाल्या, "गोडच केलंस. पण मग नागप्पानं ते पाणी कशाला वतलं?" त्याचं उत्तर त्या अजूनही मागतात. यार्डातल्या हमालांनी तर वडिलांना धरलं, "नरसिंगराव, तुमच्या पोरीनं नागप्पाला मोकळं सोडलं." आणि शिक्षकांच्या खोलीत मुख्याध्यापक सर मला म्हणाले, "सरांचा खुनी पळवलास की तू." ते गमतीनं म्हणाले, हे मला माहीत आहे. पण माझी त्या रात्री जेवणावरची वासना गेली. खरोखरच पळवला असेल तर?

कारण सर त्याबद्दल बोलत नव्हते. काकूंनी त्यांना तो भाग वाचून दाखवला होता, हे मला कळलं होतं. मी दुसऱ्या दिवशी गेले, त्यांनी चहा पाजला. पुढच्या आठवड्यात गेले, त्यांनी पावसाचा अंदाज सांगितला. मी विचारलं तर म्हणाले, "जायच्या दिवशी सांगेन."

तो दिवस आज उजाडला. सर आणि काकू नांदेडला मुलाकडे चालले आहेत. त्यांचे चिरंजीव तिथं रेल्वेत आहेत. सकाळी मी सामान बांधायला गेले. टेम्पो दारात उभा होता. खुर्च्या वर चढल्या होत्या, म्हणून सर गुंडाळलेल्या गादीवर बसले होते. मी पुस्तकांच्या पेटीला दोरी बांधत होते. सर म्हणाले, "पंचशीला, मी त्याला मारला होता."

माझ्या हातातली दोरी सुटली.

"पहिल्या भागापासून ठरलेलं होतं," सर म्हणाले. "सरपंचाच्या मेहुण्यानं मारला आणि कोरड्या विहिरीत टाकला. बाराव्या भागात प्रेत निघणार होतं."

मंडळी, त्या क्षणी मला जमीन पोटात घेईल तर बरं असं झालं. मी कशीबशी म्हणाले, "मग सर, तुम्ही खून हा शब्द का नाही वापरला? एकदासुद्धा?"

"नाहीच ना वापरला?"

"नाही सर."

"हे मला तुझा भाग ऐकल्यावर मागचे भाग पुन्हा चाळले तेव्हा कळलं," सर म्हणाले. मग त्यांनी डाव्या हातानं मांडीवरचा उजवा हात उचलून नीट ठेवला. "मी ते मुद्दाम नाही केलं. हातानं केलं. गेल्या दिवाळीपासून वर्गात हजेरी घेताना रोज एखादं पोर कमी असायचं. विचारलं की बाकीची पोरं म्हणायची, 'गेलं सर, आईबापाबरोबर कामाला गेलं.' घरी येऊन लिहायला बसलो की त्या माणसाला मारायचं वाक्य काही पुढे सरकत नसे. म्हणायचो, पुढच्या भागात मारू. पुढच्या भागात मारू. आणि मग हातच गेला."

काकू आतून म्हणाल्या, "बरंच झालं. मला मेलेल्या माणसांच्या गोष्टी आवडत नाहीत."

मी म्हणाले, "पण सर, गोदाबाई? ती कुणालाच विचारत नाही. ती खूण तर तुम्ही ठेवली होती ना?"

सर हसायला लागले. इतके हसले की काकू पाणी घेऊन बाहेर आल्या. "ती खूण नव्हती गं. तिला विचारायला लावायचं मी विसरलो."

बघा मंडळी. मी केवळाबाईंना मनातल्या मनात हसत होते. दोन बादल्या पाण्यावरून त्यांनी एका निरपराध माणसाला फासावर चढवलं होतं. आणि मी पदवीधर बाई, लेखकाच्या विसरण्यावरून एका माणसाला जिवंत केलं होतं. आम्ही दोघी एकाच ओळीतल्या.

मी म्हणाले, "सर, म्हणजे मी चुकले."

सर म्हणाले, "मी दोनदा मनातल्या मनात माझा जुना शेवट आठवून पाहिला. विहीर आठवली, प्रेत आठवलं. पण आता ते खोटं वाटतं. कुणा दुसऱ्यानं सांगितल्यासारखं. तो बळदातच होता, पंचशीला. मला ठाऊक नव्हतं, एवढंच. खुणा लिहिणाऱ्याच्या हातून पडतात. त्यांतल्या काही त्यानं ठेवलेल्या असतात, काही सांडलेल्या. वाचणारा दोन्ही वेचतो, आणि जिच्यामुळे गोष्ट उभी राहते ती खरी."

ते "बरं" म्हणाले नाहीत. मी वाट पाहिली. नाहीच म्हणाले.

मग मी तेच विचारलं जे इथं बसलेल्या प्रत्येकाच्या मनात आहे. "सर, आता पुढची कादंबरी? तुम्ही सांगा, मी दर रविवारी नांदेडला येऊन लिहून घेते. एस.टी. सरळ आहे."

सरांनी मान हलवली. "मी लिहिणारा होतो. तो संपला. आता मला जरा वाचक होऊ दे." आणि डाव्या हातानं पेटीची सैल दोरी माझ्याकडे सरकवत म्हणाले, "पुढची तू लिही. मला नांदेडला साप्ताहिक पाठवत जा. आणि काहीही झालं तरी शेवट मला सांगू नकोस. ओळखता येतो का बघतो."

आज आपण सरांना निरोप देतो आहोत. पण मला खरं सांगायचं तर हा निरोप वाटत नाही. ज्या माणसानं मला वाचायला शिकवलं तो आता माझा वाचक होऊन नांदेडला चालला आहे, आणि त्याला फसवणं मला आयुष्यात कधी जमेल असं वाटत नाही. पण मी प्रयत्न करणार आहे. शेवट मलाही अजून ठाऊक नाही. सुरुवातीचं एक वाक्य सुचलंय, ते मी केवळाबाईंना ऐकवलं. त्यांनी लगेच एकाला धरलं. म्हणजे कादंबरी चालेल.

सर, काकू, नांदेडला पाणी भरपूर आहे. अंगण असेल तर संध्याकाळी खुशाल दोन बादल्या ओता. इथून कुणी संशय घेणार नाही, याची हमी मात्र मी देऊ शकत नाही.

अध्यक्ष साहेबांनी दिलेल्या वेळेपेक्षा मी जास्त बोलले, ते घड्याळाकडे पाहायचं टाळत होते, त्यांच्या मोठेपणाबद्दल आभार. स्वामी साहेबांनी एका नवख्या मुलीसाठी जागा सोडली, त्यांचे आभार. आपण सर्वांनी या उकाड्यात शांतपणे ऐकून घेतलंत, आपले आभार. मी लहान आहे, मोठ्यांसमोर बोलायची सवय नाही. बोलण्याच्या ओघात एखादं नाव राहिलं असेल, एखादा शब्द कमीजास्त झाला असेल, तर आपण मोठ्या मनानं पदरात घ्यावं. आणि एवढीच विनंती, ती नुसती चूक समजावी. खूण समजू नये.

जय भीम, नमस्कार.